एकाच संगणकावर एसक्यूएल सर्व्हरची अनेक व्हर्जन्स आणि एडिशन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकाने, तासगावचे बेदाणा व्यापारी, कुपवाड एमआयडीसीतील लहान कारखाने आणि गावोगावच्या पतसंस्था यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांचे मूळ बहुधा एकच असते. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ वर (एसक्यूएल सर्व्हर म्हणजे माहिती साठवणारे मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस सॉफ्टवेअर) चाललेले असते, नव्याला २०१९ किंवा २०२२ हवे असते आणि कार्यालयात संगणक एकच असतो. असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हर्जन आणि एडिशन वेगळे कसे? मराठीत दोन्हींना आवृत्तीच म्हणतात ना?

म्हणतात, आणि निम्मे गोंधळ त्यातूनच होतात. म्हणून या पानावर ‘आवृत्ती’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. व्हर्जन म्हणजे सॉफ्टवेअरची पिढी: २००८ आर२, २०१४, २०१९, २०२२. त्यांचे अंतर्गत क्रमांक अनुक्रमे १०.५०, १२, १५ आणि १६ असे आहेत. एडिशन म्हणजे त्याच पिढीतील प्रकार: विनामूल्य एक्स्प्रेस, विकत घ्यावी लागणारी स्टँडर्ड व एंटरप्राइझ, आणि फक्त सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी व तपासण्यासाठी असलेली डेव्हलपर. आपल्याकडे नेमके काय आहे हे ठाऊक नसेल, तर मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये (सर्व्हर हाताळण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात) ‘सिलेक्ट @@व्हर्जन’ ही क्वेरी, म्हणजे सर्व्हरला विचारलेला प्रश्न, रोमन लिपीत लिहून चालवावी. उत्तरात दोन्ही गोष्टी दिसतात. मात्र मॅनेजमेंट स्टुडिओचे स्वतःचे व्हर्जन हे सर्व्हरचे व्हर्जन नव्हे. ‘आमच्याकडे २० आहे’ असे कोणी सांगितले, की तो आकडा बहुधा स्टुडिओचा असतो.

२. एका संगणकावर दोन एसक्यूएल सर्व्हर खरोखर चालतात का?

चालतात, आणि ही काही पळवाट नाही. मायक्रोसॉफ्टने तशी सोयच ठेवली आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या प्रत्येक स्वतंत्र स्थापनेला इन्स्टन्स म्हणतात, आणि एका विंडोजवर असे ५० इन्स्टन्स ठेवता येतात. प्रत्येकाची सर्व्हिस (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम), फायलींचा फोल्डर, लॉगिने आणि मास्टर, मॉडेल, एमएसडीबी, टेम्पडीबी हे सिस्टीम डेटाबेस वेगळे असतात. त्यामुळे एक इन्स्टन्स बंद केला तरी दुसरा चालू राहतो.

जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडे राहतात, तशी ही रचना आहे. चूल वेगळी आणि भांडीकुंडी वेगळी असतात, पण नळ, जिना आणि दिंडी दरवाजा सामाईक असतो. भांडण होते ते सामाईक गोष्टींवरूनच. येथे सामाईक असलेल्या गोष्टी म्हणजे मेमरी, डिस्क, प्रोसेसर, नेटवर्कची पोर्टे (जोडणीसाठीचे क्रमांकित दरवाजे) आणि एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही सर्व्हिस. पुढील बहुतेक प्रश्न यांतल्याच एखाद्या गोष्टीपाशी येऊन थांबतात.

३. इन्स्टन्सला नाव काय द्यावे? नंतर बदलता येते का?

एका संगणकावर बिननावाचा, म्हणजे डिफॉल्ट, इन्स्टन्स एकच असू शकतो. बाकी सर्वांना नाव द्यावेच लागते. नाव जास्तीत जास्त १६ अक्षरांचे असते आणि त्यात मोकळी जागा चालत नाही. संगणकाचे नाव पुढे बदलता येते, पण इन्स्टन्सचे नाव एकदा दिले की बदलता येत नाही. नवा इन्स्टन्स उभारून डेटाबेस तिकडे हलवणे एवढाच मार्ग उरतो.

एक्स्प्रेस बसवताना सेटअप ‘एसक्यूएलएक्स्प्रेस’ हे नाव आपणहून सुचवतो, आणि घाईत बसवणारा माणूस तेच ठेवतो. पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरचा माणूस येतो, त्याच्याही सेटअपला तेच नाव हवे असते आणि तेथे काम अडते. म्हणून नावात कामाचा आणि वर्षाचा उल्लेख असावा, असे मी सुचवतो: ‘हिशेब२०१९’ किंवा ‘साठा२०२२’, अर्थात रोमन लिपीत. मालकाचे किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याचे नाव देऊ नये, दोन्ही बदलतात.

४. आधी कोणते व्हर्जन बसवावे, जुने की नवे?

जुने आधी आणि नवे नंतर. उलटा क्रमही पुष्कळदा निभावतो. परंतु सामाईक घटक नवे असताना जुना सेटअप चालवला, तर त्याच्या तपासणीत अडथळे येण्याचा संभव वाढतो. जुने आधीपासूनच बसलेले असेल, तर प्रश्नच मिटला. फक्त नवे बसवताना सेटअपमध्ये नवीन स्वतंत्र स्थापना हाच पर्याय निवडावा. अपग्रेडचा पर्याय चुकून निवडला, तर जुना इन्स्टन्सच नव्या व्हर्जनमध्ये बदलतो आणि जुने सॉफ्टवेअर उघड्यावर पडते. त्याआधी सर्व डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या डिस्कवर ठेवावा.

५. दोन्ही बसले, पण दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावरून नवा सर्व्हर सापडत नाही. असे का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

डिफॉल्ट इन्स्टन्स टीसीपी १४३३ या पोर्टवर ऐकतो, आणि ते पोर्ट सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे नुसते संगणकाचे नाव लिहिले तरी जोडणी होते. नाव दिलेल्या इन्स्टन्सला विंडोज एखादे मोकळे पोर्ट देते. ते कोणते, हे बाहेरच्या संगणकाला कळत नाही. ते सांगण्याचे काम एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही सर्व्हिस यूडीपी १४३४ वरून करते. म्हणून संगणकाचे नाव, बॅकस्लॅश आणि इन्स्टन्सचे नाव असा पत्ता वापरायचा असेल, तर चार गोष्टी लागतात: ब्राउझर सर्व्हिस चालू असणे, फायरवॉलमध्ये यूडीपी १४३४ मोकळे असणे, त्या इन्स्टन्ससाठी टीसीपी-आयपी सुरू केलेले असणे, आणि त्याचे स्वतःचे पोर्टही फायरवॉलमध्ये मोकळे असणे. एक्स्प्रेस आणि डेव्हलपर या एडिशन्समध्ये टीसीपी-आयपी सुरुवातीला बंदच असते. ते एसक्यूएल सर्व्हरबरोबर येणाऱ्या कॉन्फिगरेशन मॅनेजर या साधनातून सुरू करून इन्स्टन्सची सर्व्हिस पुन्हा चालू करावी लागते. ही शेवटची पायरी विसरली जाते.

विंडोजने दिलेले पोर्ट बहुधा तेच राहते, कारण इन्स्टन्स पुढच्या वेळीही तेच मागून पाहतो. पण त्या क्षणी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने ते घेतलेले असेल, तर नवे मिळते. हळदीच्या एका अडत दुकानात मी स्वतः ही चूक केली आहे. त्या दिवशी मिळालेले पोर्ट फायरवॉलमध्ये मोकळे करून मी निघून आलो. तीन आठवडे सर्व सुरळीत चालले; मग एका सकाळी वीज जाऊन आली, इन्स्टन्सला दुसरे पोर्ट मिळाले आणि सौद्याच्या ऐन वेळी वजनकाट्याचा संगणक तुटला. तेव्हापासून नाव दिलेल्या प्रत्येक इन्स्टन्सला मी पहिल्याच दिवशी ठरावीक पोर्ट देतो. त्याची रीत पुढच्या प्रश्नात आहे.

६. ठरावीक पोर्ट कसे द्यावे, आणि दोघांना १४३३ देता येईल का?

कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये त्या इन्स्टन्सच्या टीसीपी-आयपीच्या गुणधर्मांत जावे, अगदी तळाच्या ‘आयपीऑल’ या भागातील डायनॅमिक पोर्टचा रकाना पूर्ण रिकामा करावा आणि त्याखालच्या रकान्यात १४३५ किंवा १५३३ असा मोकळा आकडा लिहावा. डायनॅमिकच्या रकान्यात शून्य ठेवणे म्हणजे तो रिकामा ठेवणे नव्हे; शून्याचा अर्थ ‘विंडोजला निवडू द्या’ असा होतो. यानंतर पत्त्यात संगणकाचे नाव, स्वल्पविराम आणि पोर्ट लिहिले, तर ब्राउझर सर्व्हिसची गरजच राहत नाही. पोर्टच्या आधी अपूर्णविराम (:) नव्हे, तर स्वल्पविराम येतो, हे लक्षात असावे.

एकाच आयपी पत्त्यावर दोघांना १४३३ देता येत नाही. जो आधी सुरू होईल त्याला ते मिळते आणि दुसरा सुरू होताना त्रुटी देऊन थांबतो.

७. दुसरा इन्स्टन्स बसवल्यापासून संगणक रडतखडत चालतो. मेमरी वाढवावी का?

आधी मर्यादा घालावी, मग खरेदीचा विचार करावा. एसक्यूएल सर्व्हर मिळेल तेवढी मेमरी घेतो आणि सहसा आपणहून सोडत नाही, कारण एकदा डिस्कवरून वाचलेली पाने (डेटाचे छोटे तुकडे) पुन्हा लागतील म्हणून तो ती मेमरीत जपून ठेवतो. ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ या सेटिंगचे मूळ मूल्य २१४७४८३६४७ एमबी आहे, म्हणजे व्यवहारात मर्यादाच नाही. असे दोन इन्स्टन्स शेजारी आले, की त्यांच्या ओढाताणीत विंडोज गुदमरते.

१६ जीबी मेमरीच्या संगणकावर मी विंडोज आणि इतर कामांसाठी साधारण ६ जीबी राखतो, रोजच्या कामाच्या इन्स्टन्सला ८ जीबी देतो आणि जुना हिशेब केवळ पाहण्यासाठी ठेवलेल्या इन्स्टन्सला २ जीबी. हे प्रमाण म्हणजे नियम नव्हे. कामाचा भार पाहून ते बदलावे. एक्स्प्रेसच्या बाबतीत डेटाच्या पानांसाठीची मेमरी २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून प्रत्येक इन्स्टन्सला १४१० एमबीच मिळते, त्याआधीच्या व्हर्जन्सना १ जीबी. त्यामुळे दोन एक्स्प्रेस शेजारी असतील आणि तरीही संगणक मंद असेल, तर दोष बहुधा डिस्कचा असतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर पडणारा फरक मेमरी वाढवून पडत नाही.

८. नव्या सर्व्हरवर घेतलेला बॅकअप जुन्यावर का चढत नाही?

कारण हा रस्ता एकेरी आहे. २००८ आर२ चा बॅकअप २०१९ वर चढतो आणि चढताना डेटाबेसची अंतर्गत रचना नव्या व्हर्जनची होते. तेथून परतीची सोय नाही. कम्पॅटिबिलिटी लेव्हल १०० ठेवली म्हणजे डेटाबेस २००८ चा झाला, हा समज चुकीचा आहे. ती लेव्हल क्वेरीचे काही वर्तन जुन्यासारखे ठेवते. फाइलची रचना बदलत नाही. खरोखर मागे जायचे असेल, तर रचनेची स्क्रिप्ट काढून जुन्या सर्व्हरवर रिकामा डेटाबेस तयार करावा आणि त्यात माहिती भरावी.

यातली धोक्याची जागा वेगळीच आहे. बॅकअपऐवजी डेटाबेसची मूळ डेटा फाइल, म्हणजे एमडीएफ फाइलच, नव्या इन्स्टन्सला जोडली, तर तीच फाइल बदलते आणि जुने सॉफ्टवेअर ती पुन्हा कधीही उघडू शकत नाही. ३१ मार्चच्या तोंडावर, लेखापरीक्षण बाकी असताना, एका पतसंस्थेत असे झालेले मी पाहिले आहे. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले. फाइल जोडायचीच असेल, तर आधी तिची प्रत काढावी आणि ती प्रत जोडावी.

९. बॅकअप नीट चढला, पण सॉफ्टवेअर ‘लॉगिन फेल्ड’ म्हणते.

लॉगिन इन्स्टन्सच्या मास्टर डेटाबेसमध्ये असते आणि युजर आपल्या डेटाबेसमध्ये. बॅकअपबरोबर युजर येतो, लॉगिन येत नाही. नव्या इन्स्टन्सवर त्याच नावाचे लॉगिन तयार केले, तरी आतला ओळख क्रमांक वेगळा पडतो आणि दोघांची गाठ पडत नाही. ‘ऑल्टर युजर’ या आदेशाने युजर त्या लॉगिनला जोडून द्यावा. तसेच, स्थापनेच्या वेळी विंडोज आणि एसक्यूएल अशी मिश्र ओळखपद्धत निवडलेली नसेल, तर ‘एसए’ या मुख्य प्रशासक लॉगिनसकट कोणतेही एसक्यूएल लॉगिन चालत नाही, हेही तपासावे.

१०. एक्स्प्रेसची १० जीबी मर्यादा दोन इन्स्टन्स बसवून २० होते का?

मर्यादा इन्स्टन्सला नसून प्रत्येक डेटाबेसला आहे. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंत एका डेटाबेसच्या डेटा फायलींसाठी १० जीबी मिळतात आणि लॉग फाइल त्यात मोजली जात नाही. २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये ही मर्यादा ५० जीबी झाली आहे. म्हणजे एकाच इन्स्टन्समध्ये दर आर्थिक वर्षाला वेगळा डेटाबेस ठेवला, तरी तेच साधते. केवळ जागेसाठी दुसरा इन्स्टन्स उभारणे व्यर्थ आहे. मेमरीची मर्यादा मात्र इन्स्टन्सला असते (प्रश्न ७ पाहा).

११. एक्स्प्रेस आणि स्टँडर्ड शेजारी ठेवले आहेत. एकाचा डेटाबेस दुसऱ्यावर नेता येईल का?

व्हर्जन तेच असेल किंवा पुढचे असेल, तर एक्स्प्रेसमधून स्टँडर्डमध्ये सहज नेता येतो. उलट नेताना आकार मर्यादेत बसला पाहिजे आणि त्या एडिशनमध्ये नसलेली सोय डेटाबेसमध्ये वापरलेली नसावी. २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकच्या आधी डेटा कॉम्प्रेशन (डेटा दाबून ठेवणे) आणि पार्टिशनिंग (मोठ्या टेबलाचे भाग पाडणे) फक्त एंटरप्राइझ दर्जाच्या एडिशन्समध्ये होते. असा डेटाबेस जुन्या एक्स्प्रेसवर चढवला, तर सर्व फायली लिहून होईपर्यंत तक्रार येत नाही आणि अगदी शेवटी त्रुटी येते. तासभर वाट पाहून ती वाचण्यापेक्षा मूळ सर्व्हरवर आधीच तपासावे. वापरलेल्या अशा सोयींची यादी दाखवणारा एक सिस्टीम व्ह्यू त्यासाठी उपलब्ध आहे.

असलेल्या एक्स्प्रेस इन्स्टन्सचेच स्टँडर्ड करायचे असेल, तर सेटअपमधील एडिशन अपग्रेडने ते होते आणि डेटाबेस जागेवरच राहतात. स्टँडर्डचे एक्स्प्रेस मात्र तसे करता येत नाही. काढून नव्याने बसवावे लागते.

१२. दोन्ही इन्स्टन्सवर तीच क्वेरी आहे, पण एकावर कोलेशनची त्रुटी येते. का?

स्थापनेच्या वेळी दोघांना वेगवेगळी कोलेशन, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारी नियमावली, दिली गेली असावी. तात्पुरते टेबल टेम्पडीबीमध्ये तयार होते आणि त्यातले मजकुराचे रकाने टेम्पडीबीची, म्हणजे इन्स्टन्सची, कोलेशन घेतात. आपल्या डेटाबेसची कोलेशन वेगळी असेल, तर दोन्हींतील नावांची तुलना करताना सर्व्हर अडतो. क्वेरीत ‘कोलेट डेटाबेस डिफॉल्ट’ लिहिल्याने ते सुटते. पण क्वेरी तयार सॉफ्टवेअरच्या पोटात असेल, तर आपल्या हाती काही नसते. म्हणून नवा इन्स्टन्स बसवण्याआधी जुन्याची कोलेशन टिपून ठेवावी आणि तीच निवडावी. नंतर ती बदलायची, तर सिस्टीम डेटाबेस पुन्हा उभारावे लागतात.

१३. प्रत्येक इन्स्टन्ससाठी वेगळे लायसन्स लागते का? डेव्हलपर एडिशन विनामूल्य आहे, तीच वापरू का?

एक्स्प्रेस व्यवसायातही विनामूल्य आहे, कितीही इन्स्टन्स असोत. स्टँडर्डचे सर्व्हर लायसन्स त्या संगणकावर चालणाऱ्या विंडोजच्या एका प्रतीसाठी असते. तिच्यावर त्याच एडिशनचे एकाहून अधिक इन्स्टन्स ठेवता येतात. सर्व्हर आणि क्लायंट ॲक्सेस लायसन्स ही पद्धत घेतली असेल, तर जोडणाऱ्या माणसांची किंवा उपकरणांची लायसन्से निराळी लागतात.

डेव्हलपर एडिशन २०१६ पासून विनामूल्य आहे आणि तिच्यात एंटरप्राइझच्या सोयी असतात, त्यामुळे मोह होतो. परंतु खऱ्या व्यवहारासाठी ती वापरणे हा लायसन्सचा भंग आहे. दुकानाची बिले तिच्यावर निघत असतील, तर ‘चालते आहे’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

१४. नवा इन्स्टन्स सहा महिने उत्तम चालला आणि एका सकाळी सुरूच होईना.

ती इव्हॅल्युएशन, म्हणजे चाचणीपुरती मिळणारी, एडिशन असावी. तिची मुदत १८० दिवसांची असते आणि मुदत संपली की सर्व्हिस सुरू होत नाही. डेटा जागेवरच असतो. लायसन्सची चावी घेऊन एडिशन अपग्रेड केले, की काम पुढे चालू होते. बसवून देणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते, पण अनेकदा ते सांगितले जात नाही.

१५. नवा लॅपटॉप, विंडोज ११, आणि एसक्यूएल सर्व्हर बसतच नाही. व्हर्जन तर २०१९ आहे.

स्थापना शेवटच्या टप्प्यावर येऊन डेटाबेस इंजिन सुरू होत नसेल आणि त्रुटींच्या नोंदीत सेक्टरच्या (डिस्कवरील साठवणीच्या सर्वांत लहान तुकड्याच्या) आकाराचा उल्लेख असेल, तर कारण डिस्क आहे. काही एनव्हीएमई डिस्क आपला सेक्टर ४ केबीपेक्षा मोठा असल्याचे विंडोज ११ ला कळवतात, आणि एसक्यूएल सर्व्हर ५१२ बाइट व ४ केबी एवढेच आकार मानतो. विंडोजने ४ केबीच सांगावे, अशी नोंद रजिस्ट्रीत करून संगणक पुन्हा सुरू करणे हा मायक्रोसॉफ्टने दिलेला उपाय आहे. २००८ आर२ सारखी जुनी व्हर्जन्स मात्र विंडोज ११ वर अधिकृतरीत्या चालतच नाहीत. तेथे जुने विंडोज असलेली व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) उभारावी आणि ती इंटरनेटपासून दूर ठेवावी, कारण २००८ आर२ ला सुरक्षेची सर्वसाधारण अद्यतने मिळणे ९ जुलै २०१९ रोजीच थांबले.

१६. त्याच संगणकावर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही इतर डेटाबेस सॉफ्टवेअरही चालवता येतील का?

येतील. मायएसक्यूएल ३३०६ वर आणि पोस्टग्रेस ५४३२ वर ऐकते, त्यामुळे पोर्टचा झगडा नाही. झगडा होतो तो मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांच्यात, कारण दोघांनाही ३३०६ हवे असते. मारियाडीबी सोबत घेऊन येणारे एक्सएएमपीपी बसवलेल्या विद्यार्थ्यांना याचा अनुभव असतो. मेमरीचे वाटप प्रश्न ७ प्रमाणेच करावे. लिनक्सवर मात्र एसक्यूएल सर्व्हरचे नाव दिलेले इन्स्टन्स नाहीत. तेथे अनेक सर्व्हर हवे असतील, तर कंटेनर (एकाच यंत्रावर एकमेकांपासून वेगळे चालणारे कप्पे) वापरावे लागतात.

१७. जुना इन्स्टन्स काढून टाकायचा आहे. नवा बिघडेल का?

कंट्रोल पॅनेलमधून त्या व्हर्जनची नोंद निवडून विझार्डमध्ये नेमका तोच इन्स्टन्स काढला, तर नवा बिघडत नाही. ब्राउझर, नेटिव्ह क्लायंट, ओडीबीसी ड्रायव्हर आणि सेटअपच्या सहायक फायली अशा नोंदी शेजारी दिसतात, त्यांना हात लावू नये. ‘जुने दिसते म्हणून काढले’ या एका कृतीने बिलाचे सॉफ्टवेअर बंद पडू शकते. इन्स्टन्स काढल्यावर आपल्या डेटाबेसच्या फायली फोल्डरमध्ये उरू शकतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

माझी सूचना अशी की, जुन्या इन्स्टन्सची सर्व्हिस आधी केवळ बंद करून मॅन्युअलवर ठेवावी. लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे पार पडेपर्यंत कोणालाच तिची आठवण झाली नाही, तर मग काढावी. तोवर ती मेमरी घेत नाही. डिस्कवरची थोडी जागा तेवढी जाते.

१८. दोन्ही इन्स्टन्सचे बॅकअप त्याच संगणकावर दुसऱ्या ड्राइव्हवर घेतो. पुरेसे आहे ना?

नाही. एक्स्प्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामे आपोआप करणारी सर्व्हिस) नसल्याने वेळापत्रकासाठी विंडोजचा टास्क शेड्यूलर वापरावा लागतो, आणि दोन इन्स्टन्स असले की दोन स्वतंत्र कामे नोंदवावी लागतात. एकाचेच नोंदवून दुसरा राहिलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. दोन्ही बॅकअप एकाच वेळी लावले, तर डिस्क अडते, म्हणून अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. फाइलच्या नावात इन्स्टन्सचे नाव असावे, कारण दोन्हीकडे डेटाबेसचे नाव सारखेच असण्याची शक्यता मोठी असते आणि मग एकाची फाइल दुसऱ्यावर लिहिली जाते.

सांगलीकरांना दुसऱ्या ड्राइव्हबद्दल वेगळे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याहून पुष्कळ वर गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या संगणकाबरोबर त्याचे सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह पाण्याखाली होते. रोजच्या बॅकअपची एक प्रत पेन ड्राइव्हवर घरी, वरच्या मजल्यावर न्यावी किंवा क्लाउडवर ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर चढवून पाहावी. चढवताना तेथील व्हर्जन प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे तेच किंवा पुढचे असले पाहिजे.